रक्ताची निवळी

ग्वाल्हेरचे सिटी सेंटर म्हणजे पर्यटकांच्या मनातले ग्वाल्हेर नव्हे. किल्ला, तानसेनाची समाधी, जयविलास राजवाडा, दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेले लष्कर आणि त्यातले जुने मराठी वाडे हे सगळे एका अंगाला राहते. सिटी सेंटर ही अलीकडची वस्ती. रुंद रस्ते, कचेऱ्या, बँका, मुलांच्या शिकवण्या आणि जागोजागी दवाखान्यांच्या व पॅथॉलॉजीच्या पाट्या. या पाट्यांवर ठळक अक्षरांत 'खून की जाँच' असे लिहिलेले असते. महाराष्ट्रातून किंवा सीमाभागातून नव्याने आलेला मराठी माणूस ती पाटी वाचून एकदा तरी दचकतोच. आपल्याकडे खुनाचा तपास पोलीस करतात. इथे तो पांढरा कोट घातलेला तंत्रज्ञ करतो आणि संध्याकाळी अहवाल देतो!

मी मूळची निपाणीकडची. नोकरीची सगळी वर्षे रक्ताच्या नळ्या हाताळण्यात गेली आणि निवृत्तीनंतर लेकीच्या घरी या सिटी सेंटरमध्ये येऊन राहिले. लहानपणी घरात मराठी, बाजारात कानडी. आता घरात मराठी, बाजारात हिंदी. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्यांना शब्दांची एक सवय लागते. एकच वस्तू दोन नावांनी ओळखायची आणि एकाच नावाच्या दोन वस्तू वेगळ्या ठेवायच्या. रक्ताच्या बाबतीत ही दुसरी सवय फार कामाची आहे. कारण 'प्लाझ्मा' आणि 'सीरम' हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, आणि ते एक नाहीत. हा फरक नुसता पुस्तकी नाही. त्यावर माणसे जगली आहेत, आणि तो ठाऊक नसल्याचा फायदा घेणारेही या जगात आहेत. त्याचीच ही कहाणी.

शेजारच्या एका आजींनी मला विचारले होते, "ताई, एकाच दंडातून रक्त काढतात, मग तीन-तीन रंगांच्या टोपणांच्या नळ्यांत का भरतात? एवढ्याचे करतात तरी काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. लाल टोपणाच्या नळीत रक्त गोठू देतात. निळ्या टोपणाच्या नळीत सोडियम सायट्रेट नावाचे क्षार आधीच घातलेले असते, त्यामुळे रक्त गोठत नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीतही न गोठू देणारेच, पण वेगळे द्रव्य असते. रक्त एकच, एका नळीत त्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे वागू दिले, दुसरीत त्याचा हात धरला. दोन्ही नळ्या यंत्रात गरगर फिरवल्या की वर पिवळसर, पारदर्शक पाणी दिसते. डोळ्यांना दोन्हीकडे सारखेच. पण न गोठू दिलेल्या रक्तावर जे उभे राहते तो प्लाझ्मा, आणि गोठलेल्या रक्तातून जे सुटते ते सीरम.

हे समजून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही, आपले स्वयंपाकघर पुरते. दूध आहे तोवर ते एकसंध असते. विरजण लावले की दही लागते. ते फडक्यात बांधून टांगले की आत श्रीखंडाचा चक्का राहतो आणि खाली पातेल्यात हिरवट-पिवळसर पाणी गळते. ते पाणी दुधातूनच आले, पण ते दूध नव्हे. त्याचे पुन्हा दही लागणार नाही, कारण जे लागायचे ते चक्क्यात गेले. सीरमचे तसेच आहे. लॅटिन भाषेत 'सीरम' या शब्दाचा मूळ अर्थच दह्या-पनीरातून सुटलेले पाणी असा आहे! युरोपातल्या जुन्या वैद्यांनाही रक्त पाहून गवळ्याचे घरच आठवले. 'प्लाझ्मा' हा शब्द ग्रीक. त्याचा मूळ अर्थ घडवलेली, आकार दिलेली वस्तू.

आपल्या भाषेतही या पाण्यासाठी शब्द आहे. खरचटलेल्या जागेतून रक्त थांबल्यावर जे पाणी झिरपते त्याला आपण 'लस' म्हणतो. देवीच्या फोडातले असेच पाणी दुसऱ्याच्या दंडावर टोचू लागले तेव्हा तोच शब्द टोचण्याच्या औषधाला चिकटला, आणि आज लस म्हटले की आपल्याला सुई आठवते, जखम आठवत नाही. चुन्याचे पाणी स्थिर राहिले की वर जी येते ती चुन्याची निवळी, हे आपण शाळेत शिकलो. सीरम ही रक्ताची निवळी. मराठी परिभाषेत प्लाझ्माला 'रक्तद्रव' आणि सीरमला 'रक्तरस' असे नेटके शब्द आहेत, पण ते पाठ्यपुस्तकातच राहिले.

आता त्या चक्क्यात जाते काय, ते पाहू. रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग, म्हणजे सुमारे ५५ टक्के, रक्तद्रवाचा असतो, बाकी पेशी. रक्तद्रवात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि दर १०० मिलिलिटरमागे सहा ते आठ ग्रॅम प्रथिने. त्यांपैकी एकाचे नाव फायब्रिनोजेन. ते १०० मिलिलिटरमागे साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असते. म्हणजे डाळीत मिठाइतकेच. जखम झाली की हे विरघळलेले प्रथिन बारीक धाग्यांचे जाळे होते, त्यात लाल पेशी अडकतात आणि रक्त साकळते. हे घडताना गोठण्याच्या साखळीतले आणखी काही घटकही खर्ची पडतात: प्रोथ्रोम्बिन, पाचवा घटक, आठवा घटक. मागे उरते ते सीरम. त्यात फायब्रिनोजेन नाही, पण रोगांशी लढणारी प्रतिपिंडे जशीच्या तशी आहेत. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यावरच उभा आहे.

रक्त साकळते ते लाल पेशींमुळे नव्हे, तर त्या फिकट पाण्यातल्या एका गुणामुळे, हे अठराव्या शतकात लंडनच्या विल्यम ह्यूसन या शस्त्रवैद्याने दाखवले. १८९० साली फ्रान्समध्ये आर्थस आणि पाजेस यांना आढळले की रक्तातले कॅल्शियम बांधून टाकले तर ते गोठतच नाही. आणि १९१४ साली ब्रुसेल्समध्ये अल्बेर ह्युस्टिन आणि ब्यूनोस आयर्समध्ये लुईस अगोटे यांनी तेच काम करणारे सायट्रेट रक्तात मिसळून ते माणसाला चढवून दाखवले. त्याआधी रक्त देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला शेजारी-शेजारी निजवावे लागे, कारण काही मिनिटांतच रक्ताचे दही होई. आज निळ्या टोपणाच्या नळीत असते ते हेच सायट्रेट. म्हणजे प्लाझ्मा बाटलीत साठवता येऊ लागला तो १९१४ नंतर. त्याआधीचे वैद्यकाचे युग हे सीरमचे युग होते.

त्या युगाचा एक मोठा अंक मुंबईत घडला. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि जपानचे किटासाटो यांनी दाखवले होते, की धनुर्वात किंवा घटसर्पाविरुद्ध तयार झालेल्या प्राण्याचे सीरम दुसऱ्या प्राण्याला टोचले तर त्याचेही रक्षण होते. या शोधमालिकेसाठी बेरिंगना १९०१ चे वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. घोड्याच्या रक्तातले बळ माणसाला उसने देता येते ही कल्पना जगभर पसरली. आणि १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप दिसू लागला. तो प्लेग आहे हे ओळखले डॉ. आकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी.

मग मुंबईत दोन विचार समोरासमोर आले. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगचे जंतू वाढवून, मारून त्यांची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ही लस म्हणजे शरीराला दिलेला धडा. शिकायला दिवस लागतात, पण शिकलेले बरेच दिवस टिकते. दुसरीकडे, १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधणारे अलेक्झांडर यर्सिन १८९७ च्या मार्चमध्ये आपले घोड्याचे सीरम घेऊन मुंबईत आले. सीरम म्हणजे उसने आणलेले सैन्य. लगेच लढते, पण थोड्या दिवसांत निघून जाते. चीनमध्ये त्यांना त्याचा गुण आला होता. मुंबईत मात्र अपेक्षेप्रमाणे यश आले नाही आणि ते परतले. त्यांच्या जागी आलेल्या पॉल-लुई सिमाँ यांनी पुढच्याच वर्षी कराचीत उंदराची पिसू प्लेग पसरवते हे दाखवले.

याच मार्च महिन्यात, १० तारखेला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. एका शहरात यर्सिनच्या सीरमची परीक्षा चाललेली आणि दुसऱ्या शहरात तोच रोग आपल्या माणसांना घेऊन जात होता. आपण पुण्याच्या प्लेगचा इतिहास रँडच्या नावाने लक्षात ठेवतो. त्याच वर्षी मुंबईतल्या प्रयोगशाळेत चाललेल्या या दुसऱ्या लढाईचीही आठवण ठेवायला हवी. हाफकिनची ती प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ साली तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

सीरमच्या युगाने घोड्याला औषधाच्या कारखान्यात आणले. आपल्या वाचकांतल्या साठी उलटलेल्यांना आठवेल, की शेतात खिळा किंवा फाळ लागला की 'धनुर्वाताचे इंजेक्शन' देत, आणि ते देण्याआधी हातावर थोडेसे टोचून डॉक्टर वाट पाहत बसत. ते इंजेक्शन घोड्याचे सीरम होते. परक्या प्राण्याची प्रथिने अंगात गेली की काहींना पित्त उठे, ताप येई, सांधे धरत. १९०५ साली फॉन पिर्के आणि शिक यांनी या दुखण्याला 'सीरमचा आजार' असे नावच दिले. पुढे धनुर्वाताची लस घरोघर पोचली आणि घोड्याचे ते इंजेक्शन मागे पडले.

पुण्याच्या 'सीरम इन्स्टिट्यूट'चे नावही याच घोड्यांवरून आले आहे. पूनावाला कुटुंबाचा घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय होता, आणि त्यांचे घोडे हाफकिन संस्थेकडे सीरम करण्यासाठी जात. मग सायरस पूनावाला यांनी १९६६ साली स्वतःच ते करायचे ठरवले. सुरुवात झाली ती धनुर्वाताच्या सीरमने. २०२१ साली आपण सर्वांनी रांगेत उभे राहून 'सीरमची लस' घेतली, पण त्या कुपीत सीरमचा थेंबही नव्हता. नाव राहिले, वस्तू बदलली. मराठी घरांतल्या कितीतरी आडनावांचे असेच झाले आहे.

याहून मोठी गंमत सर्पदंशाच्या औषधात आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालणाऱ्या आपल्या औषधाच्या कुपीवर आजही 'अँटिसिरम' असे छापलेले असते. पूर्वी ते खरोखरच साकळलेल्या रक्ताच्या निवळीपासून होत असे. आता मात्र विषाच्या थोड्या-थोड्या मात्रा देऊन तयार केलेल्या घोड्याचे रक्त न गोठवता घेतात, त्यातला प्लाझ्मा वेगळा करतात आणि लाल पेशी त्याच घोड्याला परत चढवतात. त्यामुळे घोडा अशक्त होत नाही. नंतर त्या प्लाझ्मातली प्रतिपिंडे पेप्सिनने तोडून, शुद्ध करून, सुकवून कुपीत भरतात. म्हणजे नाव सीरमचे आणि जन्म प्लाझ्मातून!

सीमाभागातल्या ऊसपट्ट्यातल्या आणि कोकणातल्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तातले फायब्रिनोजेन संपवून टाकते. म्हणून चावलेल्या माणसाच्या शिरेतले दोन मिलिलिटर रक्त एका नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवतात. मग हळूच तिरपी करतात. रक्त साकळले असेल तर ते जागचे हलत नाही. पाण्यासारखे वाहू लागले तर विषाने आपले काम केले आहे आणि सर्पविषविरोधी औषध लगेच हवे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. साबणाने धुतलेलीही नको. वीज नसलेल्या आरोग्य केंद्रातही ही परीक्षा करता येते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार आपल्या देशात वर्षाला सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने जातात. मांत्रिकाच्या दारात घालवलेला तास आणि इस्पितळातली ही वीस मिनिटे यांतली निवड त्या आकड्यात लपलेली आहे. ज्या रक्तातून निवळी सुटत नाही ते रक्त धोक्यात आहे, एवढे शेतकऱ्याच्या घरात माहीत असले तरी पुरे.

आता १९५२ सालाकडे वळू. त्या एकाच वर्षी सीरमने दोन मोठी रहस्ये उलगडली.

पहिले आपल्या मुंबईतले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात रक्ताची गरज असलेल्या रोग्यांमध्ये एक चमत्कार आढळला. त्यांच्या लाल पेशी तपासल्या तर गट 'ओ' वाटे. पण त्यांच्या सीरममध्ये 'ओ' गटाच्या लाल पेशी टाकल्या तरी त्यांच्या गुठळ्या होत. 'ओ' गटाचे रक्त कोणालाही चालते असे आपण शिकलो. आणि इथे 'ओ'सारख्या दिसणाऱ्या माणसालाच 'ओ' चालेना! डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा उलगडा करून १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये तो प्रसिद्ध केला. जगाने त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे नाव दिले. सर्व गटांच्या मुळाशी असणारा 'एच' नावाचा पायाच या माणसांच्या पेशींवर नसतो, आणि म्हणून त्यांच्या सीरममध्ये त्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. मुंबईत साधारण दहा हजारांत एखादा माणूस असा सापडतो असे सांगितले जाते. पेशी खोटे बोलल्या नाहीत, पण त्यांनी अर्धेच सांगितले. उरलेले अर्धे निवळीने सांगितले. म्हणूनच आजही चांगल्या रक्तपेढीत गट दोन बाजूंनी तपासतात: एकदा पेशींवरून आणि एकदा सीरम किंवा प्लाझ्मावरून.

दुसरे रहस्य इंग्लंडमधले. हिमोफिलिया, म्हणजे रक्त न थांबण्याचा जन्मजात रोग, हा एकच आजार आहे असे तोवर समजत. ऑक्सफर्डच्या रोझमेरी बिग्ज आणि सहकाऱ्यांनी १९५२ च्या डिसेंबरात दाखवले की ते दोन आजार आहेत. नेहमीच्या हिमोफिलियात आठवा घटक नसतो. तो रक्त साकळताना खर्ची पडत असल्यामुळे सीरममध्येही नसतो. म्हणून अशा रोग्याच्या रक्तात सीरम मिसळले तर काही सुधारत नाही, प्लाझ्मा मिसळला तर सुधारते. पण काही रोग्यांचे रक्त नुसत्या सीरमनेही सुधारले! त्यांच्यात उणा होता तो नववा घटक, आणि तो सीरममध्ये शिल्लक राहतो. पहिल्या तपासलेल्या मुलाचे आडनाव ख्रिसमस होते, म्हणून या दुसऱ्या प्रकाराला 'ख्रिसमस डिसीज' हे नाव पडले. ज्या आईच्या मुलाला साधे खरचटले तरी रक्त थांबत नाही, तिला विचारावे की प्लाझ्मा आणि सीरम यांतला फरक केवढा असतो.

दुसऱ्या महायुद्धाने प्लाझ्माला रणांगणावर नेले. सुकवून भुकटी केलेला प्लाझ्मा पाण्यात कालवून जखमींना चढवू लागले. ब्रिटनमध्ये तर सुरुवातीला सीरमही सुकवले जाई. रक्त वाहून गेलेल्या सैनिकाला तात्पुरते उभे करायला दोन्ही उपयोगी. पण ज्याचे रक्त गोठतच नाही त्याला सीरम देऊन उपयोग काय?

आता पुन्हा ग्वाल्हेरला येऊ. या शहराचा रक्ताशी जुना संबंध आहे. जयारोग्य रुग्णालय संस्थानकाळापासूनचे, आणि गजराराजे वैद्यकीय महाविद्यालय १९४६ साली सुरू झाले. सिटी सेंटरला लागूनच संरक्षण खात्याची मोठी संशोधन संस्था आहे, जिला सगळे 'डीआरडीई' म्हणतात. १९७३ पासून ती स्वतंत्र संस्था म्हणून काम करते. २००१ साली ग्वाल्हेरात डेंग्यूची साथ आली तेव्हा त्या विषाणूचा अभ्यास इथल्या शास्त्रज्ञांनी केला. डेंग्यूचा ताप चढला की पहिल्या दिवसांत विषाणूच्या खुणा आणि चार-पाच दिवसांनंतर प्रतिपिंडे शोधतात, आणि दोन्ही बहुधा सीरममध्येच. पोलिसांना जसा जागेचा पंचनामा, तसा साथीच्या अभ्यासकाला सीरम. कोणता शत्रू येऊन गेला हे त्यात लिहिलेले असते.

२०२० साली मात्र सगळ्यांच्या तोंडी प्लाझ्मा होता. कोविडमधून बरा झालेल्याच्या रक्तात प्रतिपिंडे असतात, ती आजाऱ्याला द्यावीत, ही कल्पना म्हणजे बेरिंगच्या घोड्याचेच नवे रूप. फक्त घोड्याच्या जागी माणूस आला आणि सीरमच्या जागी प्लाझ्मा. व्हॉट्सअॅपवर रात्री-बेरात्री 'प्लाझ्मा डोनर हवा' असे निरोप फिरत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रोग्यांवर याची रीतसर परीक्षा घेतली. मध्यम आजाराच्या रोग्यांत या उपचाराने आजार बळावणेही कमी झाले नाही आणि मृत्यूही. हा निष्कर्ष २०२० च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला, पण सरकारी उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेचा कहर झाल्यानंतर. मधल्या काळात धावपळ करणाऱ्या नातलगांना दोष देण्यात अर्थ नाही. बुडत्याला काडी दिसली तर तो तिला धरणारच.

आणि त्या काडीचाही कोणी व्यापार मांडला. २०२० च्या डिसेंबरात ग्वाल्हेरच्या एका खाजगी रुग्णालयात कोविडच्या एका रोग्याला बाहेरून आणलेला प्लाझ्मा चढवण्यात आला आणि पुढे तो रोगी दगावला. नातलगांनी तक्रार केली, तपास झाला आणि बनावट प्लाझ्मा विकल्याच्या आरोपावरून पोलिसांनी काही जणांना अटक केली. शासकीय रक्तपेढीच्या नावाची खोटी पावती वापरल्याचे वृत्तपत्रांत आले. 'खून की जाँच' या शब्दांचा मराठी अर्थ त्या दिवसांत ग्वाल्हेरला लागू पडला, असे मला वाटून गेले.

त्या पिशवीकडे पाहून नातलगांना काय कळणार होते? फिकट पिवळे पाणी. प्लाझ्मा तसाच दिसतो, सीरम तसेच दिसते, आणि पाणी मिसळून पातळ केलेला प्लाझ्माही लांबून तसाच दिसेल. प्रयोगशाळेत मात्र त्याची परीक्षा अवघड नाही. खऱ्या प्लाझ्मात कॅल्शियम परत घातले की काही मिनिटांत त्याची थरथरती गुठळी होते, कारण फायब्रिनोजेन त्यात जागे असते. सीरमची होत नाही, पाण्याची होत नाही. प्रथिने मोजली तरी लबाडी उघडी पडते. पण ही परीक्षा खाटेजवळ बसलेल्या मुलाने किंवा सुनेने करायची नसते. त्यांच्या हाती एकच शस्त्र असते: लेबल वाचणे आणि प्रश्न विचारणे.

म्हणून थोडे व्यवहाराचे. रक्त किंवा त्याचा कोणताही घटक परवानाधारक रक्तपेढीतूनच येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर आपल्या देशात बंदी आहे. रक्तपेढी प्रक्रियेचा आकार घेते, रक्ताची किंमत नव्हे. तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर कोणी 'मी आणून देतो' म्हणून हजारोंचा भाव सांगू लागला, तर तिथेच थांबावे. पिशवीवर पेढीचे नाव व परवाना क्रमांक, पिशवीचा क्रमांक, घटकाचे नाव, रक्तगट, घेतल्याची आणि मुदतीची तारीख, आणि एच. आय. व्ही., कावीळ ब व क, गुप्तरोग, मलेरिया या तपासण्यांची नोंद असते. पिशवीचा क्रमांक आणि पावतीवरचा क्रमांक एकच हवा. शंका आली तर त्या पेढीला थेट फोन करून क्रमांक विचारावा. पावतीवर छापलेल्या फोनवर नव्हे, स्वतः शोधलेल्या फोनवर. प्लाझ्मा उणे तीस अंशांखाली गोठवून ठेवलेला असतो आणि चढवण्यापूर्वी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात. कोणी खिशातून कोमट पिशवी काढून देऊ लागला तर ती कुठून आली हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आणखी एक. प्लाझ्माच्या बाबतीत गटाचा नियम लाल पेशींच्या उलटा चालतो. लाल पेशी 'ओ'च्या सर्वांना चालतात. प्लाझ्मा मात्र 'एबी'चा सर्वांना चालतो, कारण त्यात ए किंवा बी विरुद्ध प्रतिपिंडे नसतात. आणि 'ओ' गटाचा प्लाझ्मा 'ओ'लाच द्यायचा. 'एबी' गटाचे लोक थोडे, आणि आपले रक्त फारशा कोणाला चालत नाही म्हणून रक्तदानाला मागे राहणारे. त्यांना हे जरूर सांगावे.

आपल्यासारख्या घरांत अहवाल इंग्रजीत येतो, डॉक्टर हिंदीत किंवा कानडीत सांगतात आणि आपण तो मराठीत समजून घेतो. या तीन पायऱ्या उतरताना एखादा शब्द हातातून निसटतो. तो निसटू नये म्हणून घरात एक तरी माणूस असा असावा, मग ती शाळेत जाणारी नात का असेना, जो म्हणेल, "थांबा, यावर प्लाझ्मा लिहिलंय की सीरम, गट कोणता आहे, क्रमांक जुळतो का, ते मी वाचतो." तेवढे वाचायला दोन मिनिटे लागतात, आणि पिशवी टांगून सलाइनच्या नळीतून पहिला थेंब पडायच्या आधी ती दोन मिनिटे प्रत्येक रोग्याच्या वाट्याला यायलाच हवीत.